काबूलची गाडी आणि काकूची पाचर

कल्याणला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. घर लहान आणि पडवी मोठी, कारण पडवीत आबांचं काम चाले. आबा म्हणजे माझे वडील, बैलगाडीची चाकं करणारे सुतार. भाताच्या, मिठाच्या, गवताच्या गाड्या लंगडत आमच्या दारात यायच्या आणि धड चालत परत जायच्या. पहाटे आबांचा वाकस लाकूड तासायला लागला की आम्ही भावंडं उठत असू, आणि तो मध्येच थांबला तर आई चुलीपासून दचकून विचारी, "काय गं झालं?" चाकाला लोखंडी धाव चढवायची असली म्हणजे तर अंगणात जत्राच. शेण्यांच्या जाळात धाव तापून लाल झाली की ती चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच आम्ही पोरींनी कळश्या ओतायच्या. वाफेने समोरचं माणूस दिसेनासं होई, लोखंड आवळत जाई आणि चाकाचे सांधे कडाकड बोलत. वाफ निवळली की काकू स्वयंपाकघरातून बाहेर येई, हातातल्या लाटण्याने चाकावर एक ठोका मारी आणि कान देई. टण्ण आवाज आला तर पोळ्यांकडे परत जाई. ढब्ब आवाज आला तर मला म्हणे, "गोदे, सांग तुझ्या आबांना, धाव ढिली आहे."

आबा तिथेच हातभर अंतरावर उभे असत. पण धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे, अशी आमच्याकडची रीत. काकू आमच्या घरात आली त्या दिवसापासून तिचं आबांशी जे काही बोलणं झालं ते माझ्यामार्फत, आणि मी जन्मण्याआधी भिंतीमार्फत. त्यामुळे लहानपणीच मला चाकांबद्दल पुष्कळ कळलं. मधला तुंबा कुठल्या लाकडाचा, आरे किती, कडेचे पाटे कसे जोडायचे, सगळं माझ्या तोंडून इकडून तिकडे जाई. काकूला हे सारं काकांनी शिकवलेलं. आबांचे धाकटे भाऊ, हाताने आबांपेक्षा सरस, हे आबा स्वतःच सांगत. काबूलच्या लढाईसाठी सरकारने गाड्या, बैल, गाडीवान आणि गाड्या दुरुस्त करायला सुतार असे सगळेच जमवले, त्यात काका गेले. जाताना आपला वाकस घरी ठेवून गेले, म्हणाले, सरकारी हत्यार मिळणार आहे. मग एक दिवस कागद आला. दोनच ओळी होत्या. कंदाहारच्या वाटेवर आजारात वारले. दिवस लिहिलेला नव्हता.

ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला. त्या दिवशी आमच्याकडे वडे, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ असा बेत असे, आणि काकांच्या पानावर काकू गुपचूप एक भाजलेला सुका बोंबील ठेवी. आई दरवर्षी म्हणायची, "अगं, पितरांच्या पानावर बोंबील?" काकूचं उत्तर ठरलेलं, "मेल्यावर माणसाची जीभ बदलते का?" आणि कावळा पहिला बोंबलालाच शिवायचा. त्या दिवशी पडवी मात्र सुनसान. अमावस्येला सुतार हत्यार धरत नाही. आमच्या आजोबांनी एकदा ही रीत मोडली आणि अंगठ्याचं पेर गमावलं, असं आबा सांगत. खरं खोटं देव जाणे, पण अमावस्येला आबा भाजी चिरायची विळीसुद्धा ओलांडत नसत.

शहाडच्या बाजूला नदीकाठच्या एका गावात जोमाबाबा राहायचा. आगरी, गाडीवान, काबूलला जाऊन आलेला. जाताना नेलेले बैल तिकडेच मेले, पण गाडी त्याने परत आणली होती. आजाऱ्यांना, जखमींना वाहायची सरकारी गाडी होती ती. वर चटयांचं छप्पर आणि आत दोन माणसं आडवी मावतील अशी जागा. लढाई संपल्यावर सरकारने ती मोडीत काढली, तेव्हा ह्याने साहेबाचे पाय धरून मागून घेतली, बोटीतून मुंबईला उतरवली आणि ठाण्यावरून गावी आणली. आणली खरी, पण तिच्यात त्याने कधी भाताचं पोतं टाकलं नाही की मिठाची पाटी. गोठ्यात उभी करून ठेवली. गावाने त्याला वेड्यात काढलं. पोरं त्या गाडीला 'मुडद्यांची गाडी' म्हणत आणि मोठी माणसं पोरांना दटावून स्वतः तेच म्हणत.

आमच्या पेठेत एक पेन्शनर हवालदार होते, राणोजीराव. एक पाय ताठ, आवाज मात्र कवायतीचा. त्यांना जखमी अवस्थेत ह्याच गाडीने आणलं होतं. जोमाबाबा थकला तेव्हा त्याने हवालदारांना निरोप धाडला की, मी मेलो तर पोरं गाडी चुलीत घालतील, तुम्ही काय ते बघा. हवालदारांनी पेन्शनरांना जमवलं आणि ठरवलं, जे परत आले नाहीत त्यांची आठवण म्हणून ही गाडी काळ्या तलावाच्या काठी चौथरा बांधून उभी करायची. साहेब लोक आपल्या माणसांची नावं दगडात कोरतात, आपल्या माणसांची नावं कोणाला ठाऊक? पण ती गेली कशातून हे तर ठाऊक आहे!

चाकं दुरुस्तीला आमच्याकडे आली तेव्हा जोमाबाबाही आला. छपराखालची एक फळी त्याने बरोबर आणली होती. तिच्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या, बावीस. गाडीत जेवढे गेले तेवढ्या.

"यांच्यात कोण कुठल्या जातीचे, काही लक्षात आहे का?" आबांनी विचारलं.

"मी काय जात इचारून गाडीत घेतला?" जोमाबाबा म्हणाला. "समदे पानी पानी करीत व्हते. एकच मशक, तिचाच पाजला." मग फळीवर बोट फिरवत एका खाचेशी थांबला. "यो तुमचा सुतार. माज्या गाडीचा चाक त्यानंच भरला, आनि चार दिवसांनी त्याच गाडीत निजला. बायकोचा नाव घ्यायचा. सगुना, सगुना."

काकू दाराआड उभी होती. ती बाहेर आली, जोमाबाबासमोर बसली आणि त्या खाचेत तिने आपलं बोट ठेवलं. कितीतरी वेळ ठेवलं. रडली नाही. मी मात्र रडले, आणि का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. काका गेले हे घराला माहीत होतं, पण ते कशावर निजले होते हे त्या दिवशी कळलं. उठताना काकू मला म्हणाली, "गोदे, सांग आबांना, ही गाडी तळ्यावर पोचली पाहिजे."

पोचणं सोपं नव्हतं. तळ्याजवळचे एक बडे दुकानदार हटून बसले होते की, प्रेतं वाहिलेली गाडी पाण्याच्या काठी नको. पुष्कळ अर्ज-विनंत्या झाल्या. शेवटी गावच्या कारभाऱ्यांनी मोठ्या नाखुशीने परवानगी दिली, आणि तीही अटी घालून. दिवस सर्वपित्रीचा, कारण तो मेलेल्यांचाच दिवस. सूर्य मावळायच्या आत गाडी चौथऱ्यावर उभी राहिली पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी घट बसणार आणि नवरात्रात असली गाडी गावातून हलणार नाही. राहिली वाटेत तर तिथेच मोडून लाकडं खाडीत. आणखी एक अट होती. हवालदारांच्याच पलटणीतले भिकाजी नाईक महारवाड्यात राहायचे. त्यांनी मिरवणुकीत मागून, अंतर ठेवून चालावं. हवालदारांनी ही अटही कबूल केली. त्याबद्दल मी हवालदारांना अजून माफ केलेलं नाही.

चूक झाली ती दुसरीकडेच. जुनी धाव झिजून सैल झालेली होती. आबा म्हणाले, थोडी कापून, सांधून लहान करू, मग आवळून बसेल. हवालदार ऐकेनात. "ही धाव कंदाहारपर्यंत चालून आलीय सुतारबुवा! तिला कापायची? माणसांचे पाय कापले तेवढे पुरे झाले." आबांनी तापवून तीच धाव चढवली आणि चाक दोन रात्री खाडीत बुडवून ठेवलं. लाकूड फुगलं, धाव बसली. पेन्शनर खूश झाले. काकूने लाटण्याचा ठोका मारला आणि मला म्हणाली, "सांग आबांना, हे पाण्याचं बळ आहे. भाद्रपदातल्या उन्हात टिकायचं नाही." मी सांगितलं. आबांनाही ते कळत होतं. "तीन मैलांचा तर प्रश्न आहे," एवढंच ते म्हणाले. जाणत्या माणसाने भक्तीपुढे मान तुकवली की असं होतं. देवळांपासून चाकांपर्यंत मी हे पाहत आले आहे.

सर्वपित्रीला सकाळीच पानं वाढून झाली. बायकांनी मिरवणुकीत जायचं नव्हतं, पण पारनाक्यावर उभं राहून बघायला कोणाची बंदी? आई घरी थांबली, मी आणि काकू गेलो. काकूच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाली, "तुझ्या काकाचा वाकस. गाडीत ठेवायला देणार आहे हवालदारांकडे. त्याचं काहीतरी नको का तिथं?" ऊन असं रणरणत होतं की पितरांनासुद्धा घाम फुटावा. दुपार कलल्यावर जोमाबाबाच्या गावाहून गाडी आली. झेंडूच्या माळा, पुढे हवालदार जुना कोट घालून ताठ पाय टाकत, बैलांशी जोमाबाबा, बाजूने आबा आणि चार-पाच पेन्शनर. बऱ्याच मागे भिकाजी नाईक, एकटे, पण पावलं हवालदारांच्या पावलांशी जुळलेली. गाडी जवळ आली तसा मला चाकाचा आवाज ऐकू आला. ढब्ब, ढब्ब. काकूने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

बरोबर नाक्यावर धाव घरंगळली. पाटे फाकले, गाडी एका बाजूला बसली, आणि बैल फुरफुरत थांबले. बघ्यांची गर्दी क्षणात दहा पावलं मागे सरली. मघाशी फुलं टाकणारेच आता गाडीची सावली अंगावर नको म्हणून पदर आणि उपरणी सावरत होते. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "शकुन बघा! देवाच्याच मनात नाही." तो दुकानदारही तिथे होता. त्याने फक्त सूर्याकडे बघून घेतलं.

इथे एक शब्द सांगायला हवा. तुम्ही लोक म्हणता, अमक्याने माझ्या कामात पाचर मारली, म्हणजे खोडा घातला. सुताराच्या घरात पाचर मारणं म्हणजे काम तगवणं. धाव सैल झाली तर ती परत चाकावर ढकलायची आणि धाव नि लाकूड यांच्या फटीत लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. तासाभराचं काम. आठ-दहा पाचरी तासल्या की गाडी तळ्यावर पोचली असती. नाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि सगळे आबांकडे बघत होते.

आबा रिकामे हात पुढे धरून उभे होते. हवालदार म्हणाले, "सुतारबुवा, आता तुमच्याच हातात आहे." आबा म्हणाले, "आज अमावस्या आहे, हवालदार." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आबांना भावाचं प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर मी त्याचं तोंड बघणार नाही. पण चार पिढ्यांची भीती त्यांच्या मनगटात बसली होती, आणि ती एका हाकेने निघण्यासारखी नव्हती.

काकूने माझा दंड सोडला. पदर खोचला, फडकं सोडलं आणि वाकस हातात घेऊन ती रस्त्याच्या मधोमध चालत गेली. त्या पन्नासशंभर माणसांसमोर ती एकटी बाई, कपाळाला कुंकू नसलेली. जोमाबाबाच्या हातातली बाभळीची काठी तिने मागून घेतली. मग आबांसमोर उभी राहिली, आणि माझ्याकडे न बघता थेट त्यांना म्हणाली, "भाऊजी, बाजूला व्हा."

आबा झाले.

काकू रस्त्यावर मांडी घालून बसली आणि काठीचे तुकडे करून पाचरी तासू लागली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, सगळ्या सारख्या. वाकसाचा आवाज आमच्या पडवीतल्यासारखा येत होता. अमावस्येला तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी होणार. तिचं बोट तरी तुटणार, नाहीतर वरून वीज पडणार. काही झालं नाही. पाचरी झाल्यावर ती म्हणाली, "चाक अधांतरी पाहिजे. गाडी उचला." गर्दीतून एकही जण हलला नाही. पेन्शनर म्हातारे, त्यांच्याने ती उचलेना. तेवढ्यात मागून भिकाजी नाईक आले. अटीतलं अंतर त्यांनी केव्हा ओलांडलं ते कळलंच नाही. वाकून त्यांनी चाकाच्या आखाखाली खांदा दिला. हवालदारांनी एकवार गर्दीकडे पाहिलं, मग ताठ पाय बाजूला पसरून कसेबसे खाली बसले आणि नाईकांच्या खांद्याला खांदा लावला. "नाईक, बोला," म्हणाले. नाईक म्हणाले, "उचल!" आणि गाडी उठली.

मीही पुढे होऊन धाव ढकलून धरली, जोमाबाबाने दगड दिला, काकूने पाचरी ठोकल्या. सगळ्या बसल्यावर तिने वाकसाच्या पाठीने चाकावर ठोका मारला. टण्ण. माझ्या आयुष्यात मी देवळातल्या घंटा पुष्कळ ऐकल्या, पण तो ठोका ऐकून माझी छाती जेवढी भरून आली तेवढी कशानेच आली नाही. सूर्य दुर्गाडी किल्ल्याच्या मागे टेकायला आला असताना गाडी चौथऱ्यावर चढली. तिथून नाईकांना मागे जायला कोणी सांगितलं नाही. बावीस खाचांसाठी सगळ्यांनी मिळून तिळाचं पाणी सोडलं, आणि काकूनेही सोडलं. बाईने सोडावं की नाही हे विचारायला तिथे भटजी नव्हते, ते बरंच झालं. वाकस मात्र तिने गाडीत ठेवला नाही, परत घरी आणला.

हल्ली मी ठाण्याला नातवाकडे असते. घोडबंदरच्या रस्त्याने मोटारी जातात, नातू हौसेने दाखवतो. रबरी चाकं, आवाज नाही. आवाज नाही म्हणून माझा त्यांच्यावर भरवसाही नाही.

त्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घट बसायच्या आधीच, जातीतली तिघं वडीलधारी माणसं आमच्या पडवीत येऊन बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही. अमावस्येला हत्यार धरलं, तेही बाईने, तेही अशा बाईने. त्यांचं आधीच ठरलं होतं. वाकस खाडीत टाकायचा, आणि सगुणाबाईने पुन्हा असं करणार नाही असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. आबा खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता हे हो म्हणणार. ते उठले, आतून वाकस घेऊन आले आणि त्या तिघांसमोर ठेवला.

"हा माझा नाही," ते म्हणाले. "धाकट्याचा होता, आता तिचा आहे. टाकायचा की नाही ते तिला विचारा."

त्या माणसांवर अशी पाळी कधी आली नसेल. बाईला काही विचारायचं म्हणजे कुठे बघून विचारायचं हेच त्यांना कळेना. शेवटी मधला म्हातारा खांबाकडे बघत म्हणाला, "सगुणाबाई, पुन्हा असं होणार नाही म्हणा, की मिटलं."

काकू दारात उभी होती. हाताला पोळ्यांचं पीठ नव्हतं, वाकसाने आलेले फोड होते. "होणार," ती म्हणाली. "बाभूळ सुकली की पाचर ढिली पडते. दरवर्षी ठोकावी लागेल. पेन्शनर जमणार सर्वपित्रीला, तेव्हा त्याच दिवशी ठोकणार." आणि वाकस उचलून आत गेली.

आम्हांला दीड वर्ष वाळीत टाकलं होतं. कोणाच्या लग्नाचं बोलावणं नाही, आमच्याकडे कोणी पाहुणा नाही, की दुरुस्तीला गाडी नाही. आई पुष्कळ रडली. आबा मात्र काकूशी बोलू लागले. माझी निरोप्याची नोकरी गेली. मग चाकं मोडायला लागली तशी माणसं एकेक करून परत आली, कारण तसं चाक भरणारं दुसरं घर जवळपास नव्हतं. काकू दरवर्षी तळ्यावर गेली. पुढे मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले, तरी त्या दिवशी रजा काढून तिच्याबरोबर जात असे. शेवटची तीन वर्षं तिला दिसत नव्हतं. मी हात धरून तिला चौथऱ्यावर चढवी. ती चाकाच्या कडेने बोट फिरवत जाई, एकेका पाचरीशी थांबे, आणि ढिली सापडली की वाकस माझ्या हातात देऊन म्हणे, "इथं. मार."

मी मारत असे.